परत न येणारे तेल

लांबलेल्या आणि रसहीन बोलण्याला आपल्या भाषेत 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणण्याची रीत आहे. चरकात एरंडाची कांडे कितीही पिळली तरी गोड रस निघावयाचा नाही, हे त्या म्हणण्याचे मर्म. आज मी आपल्यापुढे जी हकिगत सांगणार आहे ती खरोखरच एरंडापासून सुरू होते. तेव्हा तिचे गुऱ्हाळ होऊ न देण्याची जबाबदारी माझ्यावर दुप्पट आहे. विषय तसा किरकोळ वाटेल. स्कूटरीच्या, होडीच्या किंवा बर्फावर धावणाऱ्या गाडीच्या टू-स्ट्रोक इंजिनात कोणते तेल घालावे, एवढाच तो प्रश्न. परंतु या लहानशा प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा इतिहास मी सध्या राहतो त्या चेन्नई शहराच्या अवतीभवती घडलेला आहे.

माझे बालपण सोलापुरात गेले. वडिलांची एक स्कूटर होती. पेट्रोल पंपावर गेलो की तेथला माणूस मापाने तेल ओती, मग पेट्रोल भरी, आणि वडील गाडी दोन्ही हातांनी गदगदा हलवीत. मापभर तेल ओतून झाले तरी ते हमखास म्हणत, "अजून थोडं घाल रे. तेल जास्त झालं म्हणून कुणाचं इंजिन बिघडत नसतं." घरी परतताना मी पुढे उभा राही, मला समोरचा वारा लागे. आई मागे बसे आणि चौकात गाडी थांबली की पदर नाकाला लावी. आमच्या मागच्या सायकलवाल्याच्या तोंडावर तर निळसर धुराचा लोटच जाई. पुढे उभे राहणाऱ्याला तो दिसत नसे. वडिलांचे ते एक वाक्य किती खरे आणि किती खोटे होते, हे समजावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

त्यासाठी प्रथम यंत्राची रचना ध्यानी घ्यावयास हवी. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर धावत असतो. चार धावांच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणे, ते दाबणे, जाळणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे या चार कामांना चार धावा लागतात. तळाच्या पेटीत तेल साठलेले असते. तेच तेल पुनःपुन्हा फिरते, आणि काळे पडले म्हणजे आपण ते काढून नवे भरतो. हे सारे दोन धावांत उरकणाऱ्या इंजिनाचे पेटंट स्कॉटलंडचे डुगाल्ड क्लार्क यांनी १८८१ मध्ये घेतले. मात्र ताजे मिश्रण आत ढकलण्यासाठी त्यांना निराळा पंप जोडावा लागला होता. इंग्लंडमधील बाथ शहरी राहणाऱ्या जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास तो पंपच अनावश्यक करून टाकला. दट्ट्याच्या खालची बंद पेटी हाच पंप. दट्ट्या वर गेला की मिश्रण त्या पेटीत शिरते, खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन नळकांड्यात चढते. झडपा नाहीत, फारसे सुटे भाग नाहीत. यंत्र हलके, स्वस्त आणि आटोपशीर. गरिबाला परवडणारे वाहन पुढे जन्मास आले ते पुष्कळसे या युक्तीतून.

परंतु प्रत्येक युक्तीची किंमत असते. पेटीतून पेट्रोलाची वाफ वाहू लागली म्हणजे तेथे तेल साठवून ठेवता येत नाही. मग वंगण यावयाचे कोठून? ते पेट्रोलाबरोबरच यावयास हवे. पेट्रोलाबरोबर आलेले तेल दट्ट्याला आणि आसांना आपला ओलावा देते, मग ज्वाळेत सापडते आणि धूर होऊन निघून जाते. चार धावांच्या इंजिनातले तेल नोकरीस असते, तर दोन धावांच्या इंजिनातले तेल एकाच फेरीत कामी येते. ते परत येत नाही.

असे एकदाच वापरावयाचे तेल म्हणून प्रथम मान मिळाला तो एरंडेलाला. आपल्याकडे एरंडेल म्हटले की बालपणीची सकाळ आणि कडवट तोंड आठवते. परंतु बैलगाडीच्या आसाला आणि घरच्या दिव्याला हेच तेल शतकानुशतके उपयोगी पडले होते. मद्रास इलाख्यात एरंडीचे पीक मोठे, आणि येथले एरंडेल परदेशी जात असे. लंडनमध्ये १८९९ साली चार्ल्स वेकफील्ड यांनी वंगणाची पेढी काढली आणि १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेले नवे तेल बाजारात आणले. एरंडाला इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरूनच त्याचे नाव पडले कॅस्ट्रॉल. आज तो डबा हाती घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्या नावातला आपल्या परसातला एरंड दिसत असेल.

पहिल्या महायुद्धात एरंडेलाचे दिवस खरे फळास आले. त्या काळच्या अनेक लढाऊ विमानांत संपूर्ण इंजिनच गरगर फिरे. ती इंजिने दोन धावांची नव्हती, परंतु त्यांचेही पेट्रोल मधल्या पेटीतून जात असे, म्हणून अडचण तीच होती. खनिज तेल पेट्रोलात विरघळून पातळ होई. एरंडेल सहजी विरघळत नसे आणि धातूला घट्ट धरून राही. एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडे, आणि त्याचे आपल्याला ठाऊक असलेले परिणाम त्या शूरांनाही चुकत नसत, असे सांगतात! तथापि जो गुण विमानात कामी आला तोच स्कूटरीत दोष ठरला. पेट्रोलाशी नीट न मिसळणारे, आणि जळल्यावर डिंकासारखा थर मागे ठेवणारे तेल रोजच्या वाहनाला सोयीचे नव्हते. खनिज तेल स्वस्त होते आणि पेट्रोलात मिसळत होते. हळूहळू एरंडेल शर्यतीच्या गाड्यांपुरते उरले.

आता मद्रासकडे येऊ. शहराच्या उत्तरेस समुद्राला लागून तिरुवोत्तियूर हे शिवालयासाठी प्रसिद्ध असलेले जुने क्षेत्र आहे. १९५५ मध्ये इंग्लंडच्या रेडिच गावची रॉयल एनफिल्ड कंपनी आणि येथील मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडियाची स्थापना केली, आणि दुसऱ्याच वर्षी तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात बुलेट तयार होऊ लागली. बुलेट चार धावांची. तिचा ठोका साऱ्यांच्या परिचयाचा. परंतु त्याच घराण्यात दोन धावांचीही एक परंपरा होती. हॉलंडमधील एका विक्रेत्या पेढीचे संचालक ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत तिच्याकडून जर्मन डी.के.डब्ल्यू. गाडीची विक्री काढून घेण्यात आली. त्या पेढीने रेडिचकडे तशाच हलक्या गाडीची मागणी केली. त्यातून निघालेली १२५ सी.सी.ची गाडी दुसऱ्या महायुद्धात लोखंडी सांगाड्यात बांधून हवाई छत्रीने रणांगणात उतरविली जाऊ लागली. सैनिक तिला 'उडती पिसू' म्हणत. पुढे १९६० नंतरच्या दशकात तिरुवोत्तियूरलाही विलियर्स कंपनीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर चालणारी फँटॅब्युलस ही स्कूटर आणि शेर्पा ही हलकी मोटारसायकल तयार झाली. इकडे महाराष्ट्रात भांडुपला लॅम्ब्रेटा, आकुर्डीला बजाजची व्हेस्पा आणि १९७२ पासून चेतक; त्याच वर्षी पुण्याची लुना. स्वतंत्र भारताचा मध्यमवर्ग पायी चालता चालता वाहनावर बसला तो दोन धावांच्या इंजिनावर.

त्या इंजिनांना लागणाऱ्या तेलाची सोयही मद्रासजवळच झाली. तिरुवोत्तियूरच्या पश्चिमेस मणली येथे भारत सरकार, अमेरिकेची अमोको आणि इराणची राष्ट्रीय तेल कंपनी यांच्या भागीदारीत १९६५ मध्ये मद्रास रिफायनरीज स्थापन झाली. १९६९ साली वार्षिक २५ लाख टन क्षमतेचा तो कारखाना चालू झाला. तेथे पेट्रोल-डिझेलाबरोबर वंगणाचे पायाभूत तेलही निघू लागले. म्हणजे एका बाजूस इंजिन आणि हाकेच्या अंतरावर तेल, असा योग जुळून आला.

परंतु टू-स्ट्रोकचे तेल म्हणजे केवळ पायाभूत तेल नव्हे. त्यात पेट्रोलाशी चटकन मिसळावे म्हणून पातळ द्रावक असतो, नळकांडे स्वच्छ ठेवणारी द्रव्ये असतात. आणि त्यांचे प्रमाण कोणते असावे, हे यंत्र कोठे राबते यावर ठरते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले झोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू नावाची लहान हिमगाडी बाजारात आणली. पुढे अशा गाड्या टू-स्ट्रोक इंजिनावर बर्फाळ प्रदेशात सर्वत्र पोहोचल्या. आपल्या गुलमर्गलाही पर्यटक त्या चालवितात. पुढच्या काळातील अशा गाड्यांत तेलाची टाकी वेगळी आणि पंपही वेगळा. शून्याखाली तीस अंशांत साधे तेल काकवीसारखे गोठते, पंपाला ते ओढवत नाही, आणि दट्ट्या नळकांड्यातच आवळला जातो. म्हणून त्या गाडीला कडाक्याच्या थंडीतही वाहणारे, बहुधा कृत्रिम पायाचे तेल हवे. आता चेन्नईच्या काशीमेडू बंदरात या. कोळ्यांच्या होडीमागचे इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होते आणि तासन् तास एकाच वेगात चालते. राख उरवणारी द्रव्ये तेथे अपायकारक, म्हणून होडीचे तेल राखरहित असावे लागते. त्याच्या डब्यावर 'टी-सी-डब्ल्यू-३' ही अक्षरे असतात. उलट मे महिन्याच्या उन्हात वाऱ्यावरच थंड होणारे स्कूटरीचे इंजिन इतके तापते की त्याला होडीचे तेल पुरे पडत नाही. तिन्ही इंजिने एकाच जातीची, परंतु तिघांचा आहार निराळा. महाग तेल चांगले असे नव्हे. यंत्राला मानवेल ते चांगले.

वडिलांच्या वाक्याकडे आता वळतो. सुरुवातीच्या स्कूटरांना पेट्रोलाच्या शंभर भागांस पाच भाग तेल लागे; यंत्रे सुधारली तसे दोन भागांवर भागू लागले. म्हणजे लिटरला अवघे वीस मिलिलिटर. परंतु सवय जुन्याच मापाची राहिली. रिक्षावाले आणि आमच्यासारखे संसारी लोक खबरदारी म्हणून दुप्पट तेल घालीत, आणि पैसे वाचावेत म्हणून डबा न घेता सुटे, कोणत्याही प्रतीचे. जास्त तेलाने इंजिन चटकन आवळत नाही, हे वडिलांचे म्हणणे खरे. परंतु ते तेल स्पार्क प्लगवर आणि धुराच्या नळीत काजळी होऊन बसते, आणि उरलेले मागच्याच्या छातीत जाते.

यावर जगात उपाय निघाले. जपानच्या यामाहाने १९६४ मध्ये वेगळ्या टाकीतून पंपाने तेल देण्याची योजना मोटारसायकलीवर आणली. माप माणसाच्या हातातून यंत्राच्या हाती गेले. १९९४ मध्ये जपानी मानकांनी तेलाला एफ-ए, एफ-बी, एफ-सी अशा प्रती दिल्या. त्यांतील एफ-सी कमी धुराची, आणि मागून आलेली एफ-डी आणखी स्वच्छ. धूर कमी करण्यासाठी जड खनिज तेलाच्या जागी पॉलिब्युटीन नावाचे निःशेष जळणारे द्रव्य घालण्यात येऊ लागले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिल्लीतील सुट्या तेलाची विक्री थांबविण्याचा आदेश दिला, आणि १ एप्रिल १९९९ पासून देशभर कमी धुराच्या तेलाचे मानक लागू झाले.

सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाला या घटनेचे विशेष वाटते. लोकांना उपदेश करून जे साधले नसते ते पंपावरचे सुटे तेल बंद झाल्याने पुष्कळसे साधले. परंतु नियमाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. दोन धावांच्या इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निसटतो. तो दोष उत्तम तेलानेही जात नाही. १९८५ मध्ये हीरो होंडाची चार धावांची गाडी आली, मानके कडक होत गेली, आणि २०१७ मध्ये भारत-४ मानके देशभर लागू होईतो नव्या टू-स्ट्रोक दुचाकींचे पर्व सरत आले. तेल सुधारून जे झाले नाही ते इंजिन बदलून झाले.

मग आज हा विषय कशासाठी? कारण ते इंजिन रस्त्यावरून गेले तरी शेतात आणि समुद्रात आहेच. कोकणातल्या बागेत गवत कापणारे यंत्र, पाठीवरचा फवारणीचा पंप, होडीमागचे इंजिन यांना अजूनही पेट्रोल किंवा रॉकेलबरोबर तेल लागते, आणि फवारणी करणाऱ्याच्या नाकापासून धुराचे नळकांडे हातभरही दूर नसते. त्यांनी यंत्राच्या पुस्तिकेतले प्रमाण पाहावे, मापाने मोजावे, डब्यावरची अक्षरे वाचावीत आणि आपल्या कामाला जुळणारेच तेल घ्यावे. 'अजून थोडं' म्हणू नये.

वडील आता नाहीत. ते उधळे नव्हते, निष्काळजी तर मुळीच नव्हते; यंत्राची काळजी घ्यावी म्हणूनच ते मापाहून जास्त तेल घालीत. त्यांच्या काळजीत फक्त मागे बसलेल्याचा हिशेब राहून गेला होता. जे तेल परत येणार नाही ते निवडताना, ते जाणार कोठे, एवढे एकदा मागे वळून पाहावे.