हवालदिल

लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या वर्षी मला कतार देशात दोहा शहरी जाण्याचा योग आला. तिचे दिवस भरत आले होते. मन रमावे म्हणून जावईबापूंनी आम्हांस तेथील इस्लामी कलेचे संग्रहालय दाखविले. समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर ही दगडी इमारत उभी आहे. आय. एम. पेई या स्थापत्यकाराने ती रेखली व सन २००८ मध्ये ती लोकांस खुली झाली.

आत जुने गालिचे, काचेचे दिवे, कुराणाच्या हस्तलिखित पोथ्या पुष्कळ आहेत. परंतु माझे पाय थबकले ते जेड नावाच्या दगडाच्या एका लहानशा पदकापाशी. त्यावर कुराणातील वचने, बादशहा शहाजहानचे नाव आणि हिजरी सन १०४१ कोरलेले आहे. अशा पदकास ‘हौलदिली’ म्हणतात, कारण ते गळ्यात घातले असता काळजाची धडधड थांबते असा समज होता. फारसीत ‘हौल’ म्हणजे धास्ती. आपण रोज बोलतो तो ‘हवालदिल’ शब्द याच घरचा!

आता या सालाचा विचार करा. सन १६३१ मध्ये शहाजहान दक्षिणेच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. हे बुऱ्हाणपूर काही दूर नाही, भुसावळहून खंडव्याकडे जाताना तापीकाठी लागते. तेथे १७ जूनला मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात वारली. वय अवघे ३८. चौदांपैकी सातच मुले जगली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले व वर्षअखेरीस देह आग्र्यास नेला. तिच्या मृत्यूनंतर दीड महिन्यातच हिजरी १०४१ लागले. म्हणजे हे पदक त्या दुःखाच्या वर्षातले आहे.

त्याच वेळी दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता आणि आपले शिवाजी महाराज अजून तान्हे होते. गरिबाच्या झोपडीत काय झाले असेल ते कोणी दगडावर कोरले नाही. पण हकीम, दाया, खजिना हाताशी असूनही राणी वाचली नाही, हे मात्र त्या सालाने मला सांगितले. ताजमहालाची तसबीर आपण कौतुकाने भिंतीवर लावतो. त्यामागे एका बाळंतिणीचा मृत्यू आहे, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते.

लेक शेजारी उभी होती. तिला मी यातले काही बोलले नाही, फक्त हात धरला. पुढे आठ दिवसांनी ती सुखरूप मोकळी झाली, नात झाली.

भगिनींनो, लेकीसुनांचे नाव दवाखान्यात वेळेवर घाला, तपासणी चुकवू नका. आणि कधी बुऱ्हाणपुरास गेलात, तर झैनाबादची ती बाग अवश्य पाहून या.