इंजिन, विहीर आणि पाणबुडी

सुट्टीत भाचा आला होता. त्याच्याकडे कॉम्प्युटरवरचा एक खेळ आहे. सुटे भाग जोडून गाड्या, बोटी, विमानं बांधायची आणि चालवून बघायची. टाकी, पाइप, गिअर, सगळं खऱ्यासारखं. पठ्ठ्याने दोन दिवस खपून एक पाणबुडी बांधली, तिच्या पोटात डिझेल इंजिन बसवलं, आणि बुडी मारली की इंजिन बंद. "मामा, सगळी भोकं बुजवलीत मी. एक थेंब आत येत नाही. मग बंद का पडतं?"

भोकं बुजवलीस म्हणूनच, मी म्हणालो. मग पुढचा तासभर जे बोलणं झालं ते इथे लिहून ठेवतोय, कारण त्यात पाणबुडीपेक्षा आमच्या पिंप्राळ्याच्या विहिरीच जास्त आल्या. नातेवाईक मंडळींना यातलं बरंच ऐकून माहीत असेल, त्यांनी खुशाल पुढे उड्या माराव्यात.

इंजिनाला पाण्याचं भय असतं असा आपला समज असतो, आणि तो खोटा नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मुंबईत बुडालेल्या कित्येक गाड्यांची इंजिनं अशीच गेली. पण हे झालं पाण्याचं. इंजिनाचं खरं दुखणं हवा आहे. एक लिटर डिझेल जाळायला साधारण बारा किलो हवा लागते, म्हणजे दहा हजार लिटर! डिझेल आपण मोजून विकत घेतो, हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशोब कोणी ठेवत नाही. हिशोब ठेवायची वेळ येते ती बंद जागेत. पाणबुडी तशी जागा आहे आणि विहीरही.

आता विहिरीकडे येतो.

पिंप्राळा आज जळगाव महापालिकेत आहे. आषाढी एकादशीच्या रथामुळे बाहेरच्यांना नाव माहीत असतं. आता सगळीकडे प्लॉट आणि अपार्टमेंट दिसतात, पण आमच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, वेळेला हे काळ्या जमिनीचं शिवार होतं आणि विहिरींवर मोटा चालायच्या. मोटेची एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. मोटेला खोलीची फिकीर नसते. पाणी दहा हात खाली गेलं तर नाडा दहा हात लांब करायचा आणि बैलांची धाव वाढवायची. बैलांचे हाल होतात, वेळ लागतो, पण पाणी वर येतं. बैल वर असतात, माणूस वर असतो, खाली फक्त कातडं जातं.

मग तेलावरची इंजिनं आली. सातारा रोडच्या कूपर कंपनीने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवायला घेतलं होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ साली सुरू झाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पाच हॉर्सपॉवरचं इंजिन बागाईतदाराच्या घरातला जणू एक माणूसच झालं. आबांच्या इंजिनाला दसऱ्याला झेंडूचा हार असायचा आणि बैलांच्या आधी असायचा, यावरून आजीची कुरबुर असे.

पण या इंजिनाबरोबर आलेल्या पंपाची एक अट होती, जी मोटेला नव्हती. पंप पाणी वर 'ओढतो' असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तो फक्त नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याला जेमतेम १०.३ मीटर चढवू शकतो. साध्या पंपाने ठराविक उंचीच्या वर पाणी येत नाही हे गॅलिलिओने १६३८च्या पुस्तकात लिहून ठेवलंय आणि त्याचं कारण त्याच्या शिष्याने, तोरिचेल्लीने, पुढे सहा वर्षांत सांगितलं. फूटव्हॉल्व्हची गळती, नळीतलं घर्षण वगैरे धरून आपल्याकडच्या पंपांना सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट मिळतात. पाणी त्याखाली गेलं की वरचा पंप कितीही धडधडला तरी कोरडाच.

मग काय करायचं? पंप खाली न्यायचा. पंप पट्ट्याने इंजिनाला बांधलेला, म्हणून इंजिनही खाली न्यायचं.

आमच्याकडच्या विहिरींत अजून खुणा दिसतात. काठापासून वीसेक फुटांवर भिंतीत कोनाड्यासारखा कप्पा खोदलेला, किंवा या भिंतीतून त्या भिंतीत दोन लोखंडी गर्डर घातलेले. त्यावर फळ्या, फळ्यांवर इंजिन आणि पंप. चेनपुलीने ते धूड खाली सोडताना आठ-दहा माणसं लागत. १९७२च्या दुष्काळात पाणी इतकं खाली गेलं की आबांनी इंजिन दोनदा उतरवलं, असं ते सांगायचे. पाऊस झाला की तेच इंजिन घाईघाईने वर काढायचं, नाहीतर रात्रीत पाणी चढून इंजिनाचीच पाणबुडी व्हायची.

भाच्याला मी इथे कागद घेऊन हिशोब करून दाखवला. बारा फूट रुंदीची विहीर, पाणी तीस फुटांवर. पाण्याच्या वर जी पोकळी उरते तिच्यात साधारण ९६ घनमीटर हवा मावते. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला पंचवीस घनमीटरच्या आसपास हवा ओढतं. म्हणजे चार तासांत ते विहीरभर हवा एकदा फुफ्फुसातून, आपलं सिलिंडरमधून, काढून धूर करून परत टाकतं. विहिरीला वरून तोंड उघडं आहे हे खरं. पण ऐन उन्हाळ्यात खालची हवा गार आणि जड, वरची तापलेली आणि हलकी, त्यामुळे त्या दोन एकमेकींत सहज मिसळत नाहीत. आणि इंजिन खाली उतरवायची वेळ नेमकी उन्हाळ्यातच येते.

अशा धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांत तो डिझेलपेक्षा पुष्कळ जास्त. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. आधी डोकं दुखतं, मग पायांतलं बळ जातं, आणि शिडीवर उभ्या माणसाच्या पायांतलं बळ जाणं म्हणजे काय ते सांगायला नको.

शेजारच्या शिवारात एका उन्हाळ्यात हेच झालं. नावं लिहीत नाही, त्यांची मुलं-नातवंडं आहेत. सालदार संध्याकाळी इंजिन बंद करायला उतरला तो वर आलाच नाही. वरून हाका मारल्या, ओ नाही. त्याचा धाकटा भाऊ कोणाचं न ऐकता उतरला. तोही गेला. तिसऱ्या माणसाला लोकांनी धरून ठेवलं म्हणून तो वाचला. आबा त्या धरणाऱ्यांत होते. त्यांनी ही गोष्ट मला आयुष्यात दोनदाच सांगितली, आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले: "कंदील तर जळत होता रे."

हे वाक्य समजायला मला शाळा-कॉलेज पार पडावं लागलं. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत आपल्याकडे होती. कंदील विझला तर खाली वाईट हवा, माणूस उतरवायचा नाही. रीत चांगलीच आहे. पण कंदील काय ओळखतो, तर प्राणवायूची टंचाई. कुजलेल्या पाल्याने भरलेल्या, वापरात नसलेल्या विहिरीत तो विझतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र इतक्या थोड्या प्रमाणात जीव घेतो की तेवढ्याने ज्योतीला काहीच होत नाही. बैलांच्या काळातली ती परीक्षा इंजिनाच्या काळात खोटं बोलू लागली, आणि ते कोणी कोणाला सांगितलं नाही. इंजिनावर कंपनीची पाटी होती, अश्वशक्ती होती, फेरे होते. पण हे विहिरीत उतरवलंत तर धूर नळीने काठाच्या वर काढा, असं ठळक अक्षरांत लिहिलेली पाटी मी तरी पाहिली नाही. नंतर लोक आपल्या अकलेने नळी जोडू लागले, ती वेगळी गोष्ट.

(थोडं विषयांतर. खाणीत हाच वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यातला पक्षी न्यावा ही सूचना १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने केली. त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन. १९३९ साली थेटिस नावाची ब्रिटिश पाणबुडी बुडाली, तेव्हा बंद जागेतल्या हवेत माणसाचं काय होतं ते त्याने स्वतःला कोंडून घेऊन तपासलं. हा मुलगा १९५७ साली भारतात राहायला आला आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारला.)

विहिरीतून सुटका झाली ती इंजिन सुधारल्यामुळे नव्हे, तर इंजिन तिथून काढल्यामुळे. वीज आली आणि विजेची मोटर आली. मोटरला हवा लागत नाही. पुढे तर ती पंपासकट थेट पाण्यातच सोडायची सोय झाली. पाण्यात बुडवून चालवायच्या पंपाची युक्ती आर्मेस अरुतुनोफ या रशियातून अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअरने तेलविहिरींसाठी काढली होती. आपल्याकडे तिचं नाव सबमर्सिबल. सबमर्सिबलमुळे खोलीची अट पुन्हा संपली, मोटेसारखी, आणि त्याचे परिणाम रावेर-यावलकडचे केळीवाले भोगतायत. पाणी खाली, मोटर त्याच्या मागे. पण ते दुसऱ्या लेखाचं काम.

आता पाणबुडी. विशाखापट्टणमच्या समुद्रकाठी आयएनएस कुरसुरा ठेवली आहे. ती १९६९ साली नौदलात आली, २००१मध्ये निवृत्त झाली आणि २००२पासून लोकांना बघता येते. मी गेलो तेव्हा बाकीचे लोक टॉर्पेडोजवळ फोटो काढत होते आणि मी इंजिनांच्या खोलीत रेंगाळत होतो. तीन अजस्र डिझेल इंजिनं, मधून एका माणसाला जेमतेम जाता येईल एवढी वाट. मला आबांच्या विहिरीतला कप्पा आठवला. तीच अडचण, आणि गंमत म्हणजे उत्तरही बरंचसं तेच. पाण्याखाली इंजिन चालवायचंच नाही. वर असताना त्याने बॅटऱ्या भरून घ्यायच्या, आणि खाली विजेच्या मोटरवर जायचं.

पण बॅटरी संपली की वर यावं लागतं, आणि वर आलं की शत्रूला दिसतं. म्हणून खालीच इंजिन चालवायचे प्रयत्न शंभर वर्षं चाललेत. १९०८च्या सुमारास रशियात जेव्हेत्स्की नावाच्या पोलिश इंजिनिअरने 'पोच्तोवी' नावाच्या पाणबुडीत दाबलेल्या हवेची नळकांडी भरली आणि पेट्रोल इंजिन पाण्याखाली खरोखर चालवून दाखवलं. धूर पाण्यात सोडायचा, तर बुडबुड्यांची रेघ वर दिसायची! मग डच नौदलातल्या विखर्स या अधिकाऱ्याने नळी सुचवली. पाणबुडी खाली आणि हवेची नळी वर, विहिरीच्या उलट. १९४० साली जर्मनांनी हॉलंड घेतलं तेव्हा ही नळीही त्यांच्या हाती लागली आणि १९४४पासून त्यांनी ती सर्रास वापरली. नळीच्या तोंडाला झडप असते. लाट आली की झडप बंद होते आणि इंजिन, त्याला काय कळतं, आतल्या माणसांचीच हवा ओढायला लागतं. क्षणात दाब उतरतो, कानांत कळा येतात. धूर उलटून आत आला तर काय, ते वर लिहिलंच आहे.

सगळ्यात धाडसी प्रयोग सोव्हिएत नौदलाने १९५० च्या दशकात केला. द्रवरूप प्राणवायू बरोबर न्यायचा, इंजिनाचाच धूर गाळून त्यात तो मिसळायचा आणि तीच हवा पुन्हा इंजिनाला द्यायची. भाच्याला हे फार आवडलं. मला नाही. द्रवरूप प्राणवायू आणि तेल एका खोलीत ठेवायचे म्हणजे काय! खलाशी त्या पाणबुड्यांना 'लायटर' म्हणत. २६ सप्टेंबर १९५७ला एम-२५६ ही त्यातली एक पाणबुडी बाल्टिक समुद्रात पेटली आणि बुडाली. पस्तीस माणसं गेली, सात वाचली.

आपल्याकडे माझगाव डॉकमध्ये बांधलेली पहिली पाणबुडी शल्की, १९९२ सालची. महाराजांनी १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी बांधलेल्या खांदेरी किल्ल्याचं नाव मिळालेली दुसरी खांदेरी २०१९मध्ये दाखल झाली. ती आयएनएस कलवरीच्या वर्गातली. या वर्गातल्या पाणबुड्यांनाही डिझेल इंजिनांसाठी नळी वर काढावीच लागते. ते कमी करण्यासाठी अंबरनाथच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने इंधन-घटावर चालणारी यंत्रणा तयार केली आणि मार्च २०२१मध्ये तिची जमिनीवरची चाचणी पार पडली. तिच्यात इंधन जळत नाही, हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्यापासून थेट वीज होते आणि मागे पाणी उरतं. ती पाणबुडीत बसवायला जो जास्तीचा तुकडा लागतो, तो बांधायचं सुमारे १,९९० कोटींचं कंत्राट डिसेंबर २०२४मध्ये माझगाव डॉकला मिळालं.

विहिरीत मात्र इंजिनं अजून उतरतात. गाळ काढायला, खोदकाम चालू असताना पाणी उपसायला, जिथे विजेची तार पोचत नाही तिथे. उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, विहिरीत गुदमरून दोघांचा मृत्यू. बहुतेक वेळा दोघांचा, कधी तिघांचा. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो. इंजिन विहिरीत न्यावंच लागलं तर धुराची नळी काठाच्या वर चांगली चार-पाच फूट हवी, इंजिन चालू असताना आणि बंद केल्यावरही बराच वेळ कोणी उतरायचं नाही, आणि जो उतरेल त्याच्या कमरेला दोर हवा व वर ओढणारी माणसं हवीत. डिझेल बंद करायची तार काठापर्यंत आणता येते, पन्नास रुपयांचं काम आहे. आबांनी त्या उन्हाळ्यानंतर ती आपल्या इंजिनाला बसवून घेतली होती.