शिक्षक जेव्हा शिक्षकांना भेटतात

बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या मराठी घरात ‘होमी भाभा’ हे नाव निघाले की पुष्कळदा शास्त्रज्ञाच्या आधी परीक्षाच आठवते. सहावी आणि नववीच्या मुलांसाठीची ही बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून घेतली जाते. लेखी परीक्षेतून निवडलेल्या मुलांना पुढे प्रत्यक्ष उपकरणे हाताळावी लागतात. क्लासवाल्यांच्या गर्दीतही ही गोष्ट टिकून आहे, हे चांगलेच. मात्र ही स्पर्धा बृहन्मुंबईतील विज्ञानशिक्षकांच्या संघटनेने सुरू केली, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

शिक्षकांना अशी संघटना का लागते? अनेक शाळांत विज्ञान शिकवणारे एक किंवा दोघेच असतात. एखादा प्रयोग फसला, तर तो का फसला हे विचारायला शेजारी कोणी नसते. गणिताचे किंवा भाषेचे सहकारी सहानुभूती दाखवतील; पण बशीत पाणी घेऊन, मेणबत्ती लावून, तिच्यावर पेला पालथा घातल्यावर पाणी वर का चढते, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर अपुरे आहे, यावर तासभर वाद घालणार नाहीत. (हे उत्तर अपुरेच आहे. प्राणवायू संपला म्हणून पाणी चढते, असे सांगितले जाते. मग ते ज्योत विझता विझता एकदम का उसळते? पेल्यातली तापलेली हवा थंड होऊन आकसते, हा त्यातला मोठा भाग आहे.) असा वाद घालायला आपल्याच विषयाचे, आपल्याच अडचणींतून जाणारे दुसरे शिक्षक लागतात.

आपल्या देशात शालेय विज्ञानशिक्षणाचा विचार करण्यासाठी १९५६ साली सिमल्याजवळ तारादेवी येथे एक अखिल भारतीय परिसंवाद भरला होता. पुढे अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेत भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचा एक अभ्यासगट तयार झाला. डून स्कूलचे बी. जी. पित्रे हे त्याचे प्रमुख होते. आधी प्रयोग आणि मग नियम, अशी मांडणी असलेले ‘फिजिक्स थ्रू एक्सपेरिमेंट्स’ हे पुस्तक या गटाने तयार केले. पब्लिक स्कूलमध्ये हे चालले, यात नवल नाही. तिथे प्रयोगशाळा होती, वर्ग लहान होते.

खरी कसोटी मुंबईत लागली. १९७० च्या सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी हीच पद्धत महापालिकेच्या शाळांत नेली. त्यांत व्ही. जी. कुलकर्णी होते, भा. मा. उदगावकरांसारखे ज्येष्ठही होते. महापालिकेच्या शाळा म्हणजे कामगारांची आणि झोपडपट्टीतली मुले. तिथे हे जमते, असे दिसले. त्याच संस्थेत काम केलेले अनिल सद्गोपाल यांनी नोकरी सोडून मध्य प्रदेशात ‘किशोर भारती’ सुरू केली, तेव्हा मुंबईतला हा अनुभव जणू त्यांच्या शिदोरीतच होता. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा तो प्रसिद्ध कार्यक्रम सुरू झाला. एका शिक्षकगटाचे पुस्तक मुंबईच्या वर्गांतून नर्मदेकाठच्या खेड्यांत पोचले, ते असे.

होशंगाबादच्या प्रशिक्षणात शिक्षक विद्यार्थ्यांसारखे टोळ्या करून बसत आणि सगळे प्रयोग स्वतः करत. पुस्तकात प्रश्न होते, उत्तरे नव्हती. एकाच टेबलाची लांबी चौघांनी मोजली तर चार आकडे येतात; मग खरा कोणता? वीस वर्षे शिकवलेला शिक्षकही इथे थबकतो. सगळ्यांची मापे फळ्यावर लिहून काढली की आकडे एका ठिकाणी दाटताना दिसतात, आणि मापनातली घटबढ ही चूक नसून मापनाचा स्वभाव आहे, हे त्याला पहिल्यांदा जाणवते. ज्याला हे जाणवले, तो वर्गात ‘उत्तर चुकले’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबतो. आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रशिक्षण संपल्यावर सारे संपत नसे. आसपासच्या शाळांचे शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत आणि काय जमले, काय फसले ते सांगत. टेल्कोतील अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन इथेच आले. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या यांची त्यांची खेळणी आज मुंबईच्या वर्गांतही दिसतात. हा कार्यक्रम पसरत हजाराच्या आसपास शाळांत गेला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

इकडे १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. व्ही. जी. कुलकर्णींनी काम सुरू केले ते जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातील शाळांत. मुलांना विज्ञान अडते की पुस्तकाची भाषा अडते, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. मराठी पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांचे आकलन ठळकपणे सुधारते, असे त्यांनी व गंभीर यांनी दाखवून दिले. मराठी माध्यमाच्या शिक्षकाला हे मनातून आधीच ठाऊक असते. फक्त त्याचे म्हणणे कोणी मोजून दाखवलेले नसते.

मोठ्या परिषदांतून काहीच मिळत नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असताना लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. तेव्हा कंटाळवाण्या वक्त्यांचेही मराठी साहित्यावर ऋण आहे!

पण ज्याला रोज साठ मुलांपुढे उभे राहायचे आहे, त्याचे यावर भागत नाही. होमी भाभा केंद्र आता मानखुर्दला आहे. तिथे विज्ञानशिक्षणाच्या संशोधनावरची ‘एपिस्टेम’ ही आंतरराष्ट्रीय परिषद भरत आली आहे. पहिली २००४ मध्ये गोव्यात झाली होती. ही परिषद संशोधकांची असते आणि ती इंग्रजीत चालते. २०१२ च्या जानेवारीत याच केंद्रात गणितशिक्षणाची राष्ट्रीय परिषद झाली. तिच्याआधी देशात ठिकठिकाणी विभागीय परिषदा घेऊन शिक्षकांना बोलते केले होते. आमच्या मते मार्ग हाच: मोठी परिषद शेवटी, छोट्या बैठका आधी आणि नंतरही.

छोट्या बैठकीला लागते ते थोडेच. एक खोली, बशी, पेला, मेणबत्ती, आणि मुख्याध्यापकांचे पत्र. मुलुंडहून निघाले तर कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी घ्यायची. अंधेरीहून २०१४ पासून मेट्रोने घाटकोपर, तिथून एक स्टेशन मागे विद्याविहार, पुढचे कुर्ला. बोरिवलीकरांना दादरला पूल ओलांडावा लागतो, एवढाच काय तो त्रास. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर डबा खाऊन निघालेला शिक्षक तीनच्या आत मानखुर्दला पोचतो.