भांडुपची खाडी व दूरचा समुद्र

भांडुपच्या माणसास समुद्र कोठें आहे असें विचारलें, तर तो बहुधा जुहूचें किंवा गिरगांवच्या चौपाटीचें नांव घेईल. वास्तविक समुद्र त्याच्या दाराशींच आहे. गांवाच्या पश्चिमेस डोंगर आहे, मधून लोहमार्ग जातो, आणि पूर्वेचा महामार्ग ओलांडला कीं मिठागरें लागतात. मिठागरांपलीकडे तिवरांचें रान आणि त्या रानापलीकडे ठाण्याची खाडी. दिवसांतून दोनदां अरबी समुद्राचें पाणी तेथें येतें व दोनदां माघारें जातें. याच पाण्यावरून दक्षिणेस गेलें तर मुंबईचे धक्के लागतात, जेथून हल्लीं सहलीचीं मोठीं जहाजें सुटतात. आणि धक्क्यावरून पुढें निघालें तर पृथ्वीला वळसा घालून पुन्हा तेथेंच येतां येतें. एका भारतीय नौदल अधिकाऱ्यानें एकट्यानें तसें करूनही दाखविलें आहे.

लहानशा नावेंतून दूरच्या पाण्यावर जाणें श्रेष्ठ कीं मोठ्या जहाजावर सुखानें सुटी घालविणें बरें, हा वाद आतां आपल्या घरांतूनही ऐकूं येतो. तरुण मंडळी पहिल्या पक्षाचीं असतात आणि पैसे भरणारी वडील मंडळी दुसऱ्या! दोन्ही पक्ष असें धरून चालतात कीं नाव ही साहसाची वस्तु व जहाज ही सुखाची वस्तु हा भेद जुनाच आहे. तो तसा जुना नाहीं, एवढेंच आम्हांस प्रथम दाखवावयाचें आहे. आणि त्यासाठीं पुन्हा भांडुपासच यावें लागतें.

1843 सालीं मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क हे भांडुपास आले असतां, मुंबईहून ठाणें, कल्याण व पुढें थळ आणि बोर घाटांच्या पायथ्यापर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांस प्रथम सुचली, असें जुने ग्रंथ सांगतात. दहा वर्षांनीं, 16 एप्रिल 1853 रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती भांडुपावरूनच. अंतर अवघें 21 मैलांचें. परंतु त्या 21 मैलांनीं खाडीचें सारें महत्त्वच हिरावून घेतलें. त्यापूर्वीं या प्रदेशांतला खरा राजमार्ग म्हणजे पाणी. पुण्यास जाणारा मनुष्य मुंबईस मचव्यांत बसे, पनवेलीस उतरे आणि मग घाटाची वाट धरी. नाव केव्हां सुटावयाची हें तांडेल ठरवी, आणि तांडेलाला तें भरती सांगे. वारा पडला तर वल्हीं मारावयाचीं, ओहोटीनें गांठलें तर चिखलांत रुतून पुढच्या भरतीची वाट पाहावयाची. या प्रवासाला कोणी साहस म्हणत नसे. सौदा घेऊन निघालेला वाणी, माहेरीं निघालेली सून, तारखेसाठीं निघालेला कुळकर्णी, हे कांहीं धाडसी वीर नव्हते. दुसरी सोयच नव्हती म्हणून तीं माणसें होडींत बसत, आणि सुखरूप उतरल्यावर देवाला नारळ देत.

पुढें कोंकण किनाऱ्यावर आगबोटी आल्या. त्यांची आठवण आजही पुष्कळ घरांत निघते, पण ती बहुधा गोड करून सांगितली जाते. खरें पाहतां तो प्रवास ना साहसाचा ना चैनीचा. तांबोऱ्यावर अंथरी पसरून, ट्रंका, फणस आणि लहान मुलें यांच्या मधून पाय ठेवण्यास जागा शोधीत लोक रात्र काढीत. पुष्कळ बंदरांत आगबोट किनाऱ्यास लागत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही व उतारूंना न्यावयास पडाव येत. म्हणजे आगबोटीचा प्रवासही शेवटीं होडींतच संपे, आणि त्यांतला खरा भीतीचा क्षण तोच असे, जेव्हां पडाव लाटेबरोबर वर येई आणि नेमकी त्याच वेळीं उडी टाकावी लागे. पावसाळा लागला कीं हा मार्ग बंद. नारळी पौर्णिमा झाल्यावर पुन्हा सुरू. 11 नोव्हेंबर 1927 रोजीं एकाच वादळांत ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या दोन बोटी बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजीं, आषाढी अमावास्येच्या आसपास, भाऊच्या धक्क्याहून रेवसास निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. स्वातंत्र्याला तेव्हां महिनाही उरला नव्हता. मोठी बोट म्हणजे सुरक्षित बोट, हा समज कोंकणच्या माणसाला तरी करून घेतां येण्यासारखा नव्हता.

मग साहस व सहल हीं दोन निरनिराळीं केव्हां झालीं? आमच्या मतें दोघांची जन्मवेळ जवळजवळ एकच आहे. जर्मनींतील एका मोठ्या आगबोट कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांना अडचण अशी होती कीं, हिवाळ्यांत अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि मोठमोठीं जहाजें नुसतीं उभीं राहात. त्यांनीं 22 जानेवारी 1891 रोजीं ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हें जहाज 241 उतारूंसह भूमध्य समुद्रांत केवळ फिरवून आणण्यासाठीं सोडलें. कोठें पोंचणें हा हेतुच नव्हता. जहाज हेंच मुक्कामाचें ठिकाण. चार वर्षांनीं, 1895 च्या एप्रिलांत, बॉस्टनहून जोशुआ स्लोकम नांवाचा एक कप्तान ‘स्प्रे’ नांवाच्या 37 फुटी जुन्या नावेंतून एकटाच निघाला आणि 1898 च्या जूनमध्यें पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला. असें करणारा तो पहिलाच. आतां या दोघांचें मूळ पाहा. स्लोकम हा शिडाच्या जहाजांचा कप्तान. वाफेनें शिडाचा धंदा बसविला म्हणून तो रिकामा झाला होता. बालिनचीं जहाजें वाफेचीं. तीं हिवाळ्यांत रिकामीं होतीं म्हणून सहल निघाली. वाफेनें समुद्रावरची गरज दूर केली, आणि गरज गेल्यावर जें उरलें त्याचे दोन वांटे झाले. एकानें सुख घेतलें, दुसऱ्यानें संकट घेतलें.

या दुसऱ्या वांट्याच्या इतिहासांत मुंबईचें स्थान केवढें मोठें आहे याची आपल्याकडे फारच थोड्यांना कल्पना असते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवरील एक तरुण अधिकारी. म्हणजे पोटासाठीं मोठ्या जहाजावर राहणारा मनुष्य. त्यांनीं मुंबईस कुलाब्याच्या कारखान्यांत 1963 ते 64 या काळांत सागवानी लाकडाची 32 फुटी नाव बांधून घेतली. नकाशे त्यांनीं इंग्लंडाहून मागविले, तर त्यांच्या हातीं त्यांस हव्या होत्या त्याहून जुन्या घडणीचे पडले. एतद्देशीय सुतारांनीं तेच घेऊन, वाकसानें फळ्या तासून व दोरीच्या सामत्यानें भोंकें पाडून, ती नाव उभी केली. इराणच्या आखातांतील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला जें नांव देतात तें तिला ठेवलें: ‘सुहेली’. 1965 च्या डिसेंबरांत ती मुंबईहून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडास पोंचली.

14 जून 1968 रोजीं हीच नाव फाल्मथ बंदरांतून बाहेर पडली. एकट्यानें, कोठेंही न थांबतां, पृथ्वीला फेरी घालावयाची अशी ती शर्यत होती. निघाले नऊ जण. थोड्याच आठवड्यांत ‘सुहेली’च्या तळाच्या सांध्यांतून पाणी येऊं लागलें. भर समुद्रांत नॉक्स-जॉन्स्टन पाण्यांत उतरले, आणि श्वास कोंडून पुन:पुन्हा बुडी मारीत त्यांनीं त्या सांध्यांवर कापडाची व वरून तांब्याची पट्टी खिळ्यांनीं ठोकली. पुढें बिनतारी यंत्र बंद पडलें. सुकाणूं आपोआप सांभाळणारें साधन मोडलें. महिनेच्या महिने त्यांची कांहींच बातमी नव्हती. 22 एप्रिल 1969 रोजीं, 312 दिवसांनीं, ते फाल्मथास परत आले. नवांपैकीं तो फेरा पुरा करणारे ते एकटेच, आणि नाव कुलाब्याची. बरोबर दहा दिवसांनीं, 2 मे रोजीं, ‘क्वीन एलिझाबेथ 2’ हें 963 फूट लांबीचें नवें जहाज साउदॅम्प्टनहून पहिल्या सफरीस निघालें. पुढें किती तरी वर्षें धनिकांच्या जगप्रदक्षिणा त्याच जहाजावरून झाल्या. एकाच इंग्रजी वसंतऋतूंत दोन्ही वांटे असे समोरासमोर उभे राहिलेले दिसतात. शर्यत जिंकणाऱ्यांच्या यादींत सुताराचें नांव येत नसतें, म्हणून येथें एवढें लिहिलें.

‘सुहेली’ मुंबईची खरी, पण तींत बसणारा मनुष्य परका होता. आपल्या माणसानें आपल्या देशांत बांधलेल्या नावेंतून ही फेरी करावी, ही निष्ठा उराशीं धरली ती व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनीं. 1971 च्या युद्धांतले हे वीरचक्र मिळविलेले सेनानी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीस राहात. समुद्रापासून इतक्या दूर, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माळावर बसून, वयाची सत्तरी उलटल्यावर, ते या गोष्टीचा ध्यास घेत होते हें आम्हांस विशेष वाटतें. 2006 सालीं कमांडर दिलीप दोंदे पुढें आले. नाव बांधण्याचें काम गोव्यांत मांडवीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनीं पत्करलें. खोल समुद्राची असली नाव त्यांनीं पूर्वीं कधीं बांधली नव्हती. नकाशा डच, हात गोव्याचे, आणि नांव त्याच नदीचें: ‘म्हादेई’. लांबी 56 फूट. 19 ऑगस्ट 2009 रोजीं, पावसाळा पुरता सरला नसतां, दोंदे मुंबईहून एकटे निघाले. ऑस्ट्रेलियांत फ्रीमँटल, न्यूझीलंडांत लिटलटन, मग केप हॉर्नला वळसा घालून फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली, आणि आफ्रिकेंत केप टाउन, असे चार थांबे घेऊन ते 19 मे 2010 रोजीं मुंबईस परतले. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

तीच ‘म्हादेई’ घेऊन अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजीं मुंबईहून निघाले व कोठेंही न थांबतां 31 मार्च 2013 रोजीं परत आले. दांडेकरांच्याच कारखान्यांतली ‘तारिणी’ ही नाव 2017 ते 18 मध्यें सहा स्त्री अधिकाऱ्यांनीं जगभर फिरवून आणली, आणि 2024–25 मध्यें दोघींनींच. टॉमी यांनीं पुढें ‘सुहेली’च्याच घडणीची ‘थुरिया’ दिवाडीस बांधून घेतली व तींतून 2018 च्या शर्यतींत भाग घेतला. त्या सप्टेंबरांत दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें तिच्या डोलकाठ्या मोडल्या. ते पाठीला जबर दुखापत होऊन तीन दिवस पडून होते, तेव्हां एका फ्रेंच जहाजानें त्यांस उचललें. नावेच्या प्रवासाचें गुणगान करणाऱ्यांनीं हे तीन दिवसही सांगावे. ते सांगितले नाहींत तर ती नुसती गोष्ट होते.

आतां मोठ्या जहाजाकडे वळूं. त्याची टवाळी करणें सोपें आहे. 2018 सालीं मुंबई व गोवा यांच्या दरम्यान सहलीची बोट सुरू झाली, तिला ‘आंग्रिया’ असें नांव दिलें होतें. ज्या कान्होजींच्या लहान चपळ गलबतांनीं व गुराबांनीं परकीयांच्या मोठ्या जहाजांची झोंप उडविली, त्यांचें नांव पोहण्याच्या हौदासह फिरणाऱ्या बोटीला! ती बोट कांहीं हंगामांतच थांबली. 2021 च्या सप्टेंबरापासून ‘एम्प्रेस’ हें 1990 सालीं फ्रान्सांत बांधलेलें, जवळजवळ 700 फुटी जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सहलींवर निघूं लागलें. अकरा मजले, नाटकगृह, जुगाराच्या खोल्या, उपाहारगृहें. समुद्र पाहावयाचा तर बाहेर यावें लागतें, आणि पुष्कळांना यावेंसें वाटत नाहीं.

परंतु ज्या आजीनें पडावांत उडी टाकतांना लुगड्याचा ओचा दांतांत धरला होता, तिला आतां वयाच्या सत्तराव्या वर्षीं कठड्याशीं खुर्ची टाकून, कोरड्या पायांनीं, मुरूड आणि हर्णैचे दिवे मागें जातांना पाहावयाचे असतील, तर तिला ‘तूं साहस कर’ असें सांगणारे आम्ही कोण? लहान नावेंत आजारी, अपंग, वृद्ध यांना जागा नसते. मोठ्या जहाजानें ती दिली, हें त्याचें मोठेंच पुण्य आहे. शिवाय मोठें जहाज हें सर्वांनाच सुटीचें ठिकाण नव्हतें. रत्नागिरीकडील मुसलमान खलाशी व गोव्याचे तारवटी यांनीं इंग्रजी आगबोटींवर पिढ्यान् पिढ्या नोकऱ्या केल्या. धोबी तलावाच्या कुडांतून मिणमिणत्या दिव्याखालीं जहाजाच्या बोलावण्याची वाट पाहणाऱ्या त्या माणसांच्या मनिऑर्डरींवर किती तरी गांवांतलीं घरें उभीं राहिलीं. आगबोटीच्या भोजनगृहांतला साहेब समुद्राकडे पाठ करून बसला असेल. त्याला वाढणारा साळशेतचा मनुष्य मात्र आपल्या घरापासून किती मैल आलों हें मोजीत असे.

आमची तक्रार जहाजावर नाहीं, आपल्यावर आहे. पाण्याचें ज्ञान ज्यांच्याकडे होतें त्या कोळी, भंडारी, खारवी व दालदी लोकांना आपण आपल्या पुस्तकांतून फारसें बोलावलें नाहीं; आणि गरज संपल्यावर स्वतः पाण्यावर जाणें सोडून दिलें. म्हणून आजच्या सुशिक्षित मुलापुढें दोनच चित्रें उभीं राहातात: केप हॉर्नची लाट, नाहीं तर अकराव्या मजल्यावरचा हौद. या दोहोंमधलें जें साधें पाणी, भरती कोणत्या तिथीला किती वाजतां येते, वारा फिरला हें कशावरून ओळखावयाचें, तें त्याला कोणी दाखवीत नाहीं. दोंदे यांच्यासारखा मनुष्य केप हॉर्नला पोंचण्यापूर्वीं वर्षानुवर्षें याच साध्या पाण्यावर शिकत असतो.

तें पाणी भांडुपच्या पूर्वेस आजही आहे. 2015 सालीं खाडीचा 1690 हेक्टर भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य ठरला, आणि 2022 सालीं त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारों रोहित पक्षी येथें चिखलांत चोंच खुपसून उभे असतात. भांडुपच्या उदंचन केंद्राकडे जाणाऱ्या वाटेवर पक्षिनिरीक्षक पहांटेपासून दुर्बिणी लावून असतात. समोरच्या तीरावर ऐरोलीहून वनखात्याच्या होड्या खाडींत जातात. त्या होड्यांची वेळ रोज निराळी असते. चंद्रमा पुढें सरकतो तशी ती पुढें सरकते, आणि पाणी पुरेसें चढलें नसेल तर, हातीं तिकीट असलें तरीही, काठावर बसून वाट पाहावी लागते.