प्रश्नमंजूषेतील काठिण्यपातळी : सोपा प्रश्न कोणता, अवघड कोणता?

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेचा भाग संपला, की घराघरांत आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत एक वाद हमखास रंगतो. ‘एवढ्या मोठ्या रकमेसाठी इतका सोपा प्रश्न?’ असे एकाचे म्हणणे असते, तर ‘असला प्रश्न कोणाला येणार?’ असे दुसऱ्याचे. विशेष म्हणजे हे दोघेही पुष्कळदा एकाच प्रश्नाविषयी बोलत असतात. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाचे प्रसारण सुरू झाले, तेव्हापासून भारतीय प्रेक्षकांत हा वाद चालत आला आहे. हा वाद निव्वळ करमणुकीचा नाही. एका प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाचे घर, मुलांचे शिक्षण किंवा डोक्यावरचे कर्ज अवलंबून असते, तेव्हा प्रश्नांची काठिण्यपातळी न्याय्य आहे का, हे विचारण्याचा प्रेक्षकाला अधिकारच असतो. त्यासाठी प्रश्न अवघड होतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यावे लागते.

पार्श्वभूमी

भारतात प्रश्नमंजूषेची परंपरा ‘करोडपती’पेक्षा जुनी आहे. नभोवाणीवरील बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट अनेक वर्षे लोकप्रिय होती. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला. या स्पर्धांत शाळा-महाविद्यालयांचे संघ भाग घेत. प्रश्नांना सहसा पर्याय नसत, विचार करण्यास मोजके क्षण मिळत आणि प्रश्न अवघड असणे ही स्पर्धेची शान समजली जाई. सर्वसामान्य प्रेक्षक कौतुकाने पाहत असे. आपण त्या जागी बसू शकतो, असे त्याला वाटत नसे.

ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीवर ४ सप्टेंबर १९९८ रोजी सुरू झालेल्या ‘हू वाँट्स टु बी अ मिलिअनेअर?’ या कार्यक्रमाने हे चित्र पालटले. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, मदतीसाठी तीन ‘लाइफलाइन’ आणि प्रश्न पाहिल्यानंतरही मिळालेली रक्कम घेऊन खेळ सोडण्याची मुभा, ही त्याची वैशिष्ट्ये होती. ‘कौन बनेगा करोडपती’ ही त्याचीच भारतीय आवृत्ती. अमिताभ बच्चन यांचे सूत्रसंचालन आणि बसू यांची निर्मिती लाभलेला हा कार्यक्रम प्रारंभी स्टार प्लस वाहिनीवर होता. २०१० पासून तो सोनी वाहिनीवर दाखवला जाऊ लागला. पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. सोनी मराठी वाहिनीवर २०१९ साली आलेल्या ‘कोण होणार करोडपती’चे सूत्रसंचालन दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी केले.

प्रश्नांची शिडी

पहिल्या पर्वात १५ प्रश्न होते. पहिला १,००० रुपयांचा आणि शेवटचा १ कोटीचा. पाचव्या प्रश्नानंतर १०,००० रुपये आणि दहाव्यानंतर ३ लाख २० हजार रुपये निश्चित होत. पुढे उत्तर चुकले तरी स्पर्धक त्याखाली घसरत नसे. या शिडीमुळे प्रश्नांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिले काही प्रश्न स्पर्धकाचे दडपण उतरवण्यासाठी असतात. म्हणी, चित्रपट, रोजच्या वापरातील वस्तू असे त्यांचे विषय असतात आणि चारांपैकी एखादा पर्याय हसू आणणाराही असतो. मधले प्रश्न वृत्तपत्र वाचणाऱ्या आणि शालेय पुस्तके न विसरलेल्या माणसाला झेपतील असे असतात. शेवटचे प्रश्न मात्र विशिष्ट वाचन असल्याशिवाय सहसा सुटत नाहीत.

‘सुरुवातीचे प्रश्न फारच सोपे’ ही प्रेक्षकांची नेहमीची तक्रार या रचनेतून येते. परंतु ते प्रश्न सोपे नसतील, तर पुष्कळ स्पर्धक पहिल्या पाच मिनिटांतच घरी परततील आणि शिडीचा अर्थच उरणार नाही. शिवाय दिवे, कॅमेरे, समोर नामवंत सूत्रसंचालक आणि नंतरच्या पर्वांत सुरुवातीच्या प्रश्नांना लावलेले घड्याळ यांमुळे सोपा प्रश्नही तेथे घरच्याइतका सोपा राहत नाही.

अवघडपणा पर्यायांत

चार पर्याय दिले की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. उत्तर आठवण्याऐवजी ते ओळखायचे असते, आणि ओळखता आले नाही तरी चुकीचे पर्याय वगळत जाता येते. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांना विचारलेला १ कोटीचा प्रश्न याचे चांगले उदाहरण आहे. बहादूरशहा जफरच्या दरबाराशी संबंधित कोणत्या कवीने १८५७ च्या उठावाचे स्वतःचे अनुभव ‘दास्तान-ए-गदर’मध्ये लिहिले, असा तो प्रश्न होता. मीर तकी मीर, मोहम्मद इब्राहिम जौक, जहीर देहलवी आणि फिरदौसी हे पर्याय होते.

हा ग्रंथ सर्वसामान्य वाचकाच्या ओळखीचा नाही. तथापि फिरदौसी हा हजार वर्षांपूर्वीचा फारसी कवी, मीर यांचे निधन १८१० मधले आणि जौक यांचे १८५४ मधले, एवढे ठाऊक असलेल्या माणसाला ग्रंथाचे नावही न ऐकता जहीर देहलवी या उत्तरापर्यंत पोहोचता येते. म्हणजे हाच प्रश्न पर्यायांविना अतिशय अवघड, या पर्यायांसह मध्यम आणि १८५७ नंतर हयात असलेले चार कवी दिले असते तर पुन्हा अवघड ठरला असता. ताडे यांनी अचूक उत्तर दिले. शाळेत मध्यान्ह भोजनाची खिचडी शिजवणाऱ्या या महिलेने १ कोटी रुपये मिळवले, तेव्हा महाराष्ट्रात त्याचे मोठे कौतुक झाले.

त्यांचा ७ कोटींचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता : कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? उत्तर बिहार. डॉ. झाकिर हुसेन आणि रामनाथ कोविंद हे दोघेही बिहारचे राज्यपाल होते. प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या, तर डॉ. शंकरदयाळ शर्मा आंध्र प्रदेश, पंजाब आणि महाराष्ट्राचे राज्यपाल होते. यातील एकेक बाब स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला माहीत असते. पण त्यांची बेरीज कोणत्याही पाठ्यपुस्तकात सहसा तयार मिळत नाही, ती स्पर्धकाला तेथेच करावी लागते. ताडे यांनी येथे खेळ थांबवला.

दिशाभूल करणारी माहिती

काही प्रश्नांत स्पर्धकाचे ज्ञानच त्याच्या आड येते. २०१९ मध्येच सनोज राज यांना ७ कोटींसाठी विचारण्यात आले, की डॉन ब्रॅडमन यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमधील शंभरावे शतक कोणत्या भारतीय गोलंदाजाच्या चेंडूवर धाव काढून पूर्ण केले? उत्तर होते गोगुमल किशनचंद. नोव्हेंबर १९४७ मध्ये सिडनी येथील सामन्यात ब्रॅडमन ९९ धावांवर असताना कर्णधार लाला अमरनाथ यांनी चेंडू किशनचंद यांच्याकडे सोपवला होता. किशनचंद मुळात फलंदाज. ते क्वचितच गोलंदाजी करीत. म्हणून क्रिकेटची चांगली जाण असलेला माणूस नेमके हेच नाव आधी बाद करण्याची शक्यता अधिक. सनोज राज यांनीही १ कोटी घेऊन खेळ सोडला.

कोणासाठी अवघड?

पहिल्या पर्वात, २००० साली, मुंबईचे हर्षवर्धन नवाथे १ कोटी जिंकणारे पहिले स्पर्धक ठरले. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची परवानगी राज्यघटना कोणाला देते, असा त्यांचा अखेरचा प्रश्न होता. उत्तर, महान्यायवादी म्हणजे ॲटर्नी जनरल. घटनेच्या ८८ व्या अनुच्छेदानुसार त्यांना दोन्ही सभागृहांत बोलता येते, मात्र मतदान करता येत नाही. नवाथे नागरी सेवा परीक्षेची तयारी करीत होते आणि त्या अभ्यासक्रमात ही तरतूद येतेच. एखाद्या कुशल अभियंत्याला किंवा डॉक्टरला हा प्रश्न दुर्घट वाटला असता.

२०११ मध्ये बिहारमधील मोतिहारीचे सुशीलकुमार यांनी ५ कोटी जिंकले. १६ ऑक्टोबर १८६८ रोजी निकोबार बेटांवरील हक्क ब्रिटिशांना विकून भारतातून निघून गेलेली वसाहतवादी सत्ता कोणती, या प्रश्नाचे डेन्मार्क हे उत्तर त्यांनी दिले. तामिळनाडूतील तरंगमबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर ही एकेकाळची डॅनिश ठाणी होती, हे ज्याने वाचले असेल त्याला ही तारीख पाठ असण्याची गरज नाही.

प्रश्नाचे उत्तर अभ्यासातून येते तसेच आयुष्यातूनही येते. विकास स्वरूप यांच्या २००५ मधील ‘क्यू अँड ए’ या कादंबरीचा आणि तीवर आधारित २००८ मधील ‘स्लमडॉग मिलिअनेअर’ या चित्रपटाचा गाभा हाच आहे. शाळेत फारसे न शिकलेल्या मुलाला प्रत्येक उत्तर त्याच्या जगण्यातल्या एखाद्या प्रसंगामुळे माहीत असते. मराठी म्हणीवरचा प्रश्न सातारच्या आजीबाईंना सहज येईल आणि गुवाहाटीच्या प्राध्यापकाला येणार नाही. म्हणूनच देशव्यापी कार्यक्रमात विषय, प्रदेश आणि पिढ्या यांचा समतोल राखावा लागतो.

पैशाने वाढणारे ओझे

स्पर्धक ‘सोप्या’ प्रश्नावर खेळ का सोडतो, याचे उत्तर थोड्या आकडेमोडीतून मिळते. पहिल्या पर्वातील १ कोटीच्या प्रश्नापाशी स्पर्धकाच्या हाती ५० लाख असत. उत्तर चुकल्यास ३ लाख २० हजारच उरत. केवळ हिशेबाने पाहिले तरी उत्तर बरोबर असण्याची शक्यता सुमारे ४८ टक्क्यांहून अधिक असेल तरच पुढे जाण्यात अर्थ होता. याउलट ६ लाख ४० हजारांच्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देण्यात काहीच तोटा नव्हता, कारण ३ लाख २० हजार निश्चित झालेले असत.

७ कोटींच्या प्रश्नाचे गणित चमत्कारिक आहे. हाती १ कोटी असताना डोळे मिटून चारांपैकी एक पर्याय निवडला, तरी सरासरी प्राप्ती पावणेदोन कोटींहून अधिक येते. तरीही ताडे आणि सनोज राज यांनी खेळ सोडला, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. सामान्य कुटुंबाचे आयुष्य पहिला कोटी पालटतो. त्यानंतरचे सहा कोटी तेवढ्याच पटीने पालटत नाहीत. गणितज्ञ डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच हे तत्त्व मांडले होते. २०२२ च्या पर्वात ७५ लाखांचा नवा निश्चित टप्पा आल्याने साडेसात कोटींच्या प्रश्नावर चुकल्यास तोटा २५ लाखांपुरताच राहिला. तरी कोल्हापूरच्या गृहिणी कविता चावला यांनी १ कोटी जिंकल्यावर थांबणेच पसंत केले.

प्रेक्षकांचे मत किती खरे?

प्रेक्षकवर्गाचे सामूहिक ज्ञान कमी लेखण्याचे कारण नाही. अमेरिकी लेखक जेम्स सुरोविकी यांनी २००४ मध्ये नोंदवले, की तेथील कार्यक्रमात दूरध्वनीवरून विचारलेल्या जाणकारांची सुमारे ६५ टक्के उत्तरे बरोबर आली, तर सभागृहातील प्रेक्षकांचा कौल ९१ टक्के वेळा बरोबर ठरला. अर्थात प्रेक्षकांकडे स्पर्धक बहुधा सोप्या टप्प्यांवर वळतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

एकट्या प्रेक्षकाचा निवाडा मात्र जपून स्वीकारावा. उत्तर कळल्यानंतर ‘हे मला येतच होते’ असे वाटणे हा मनाचा सर्वसामान्य धर्म आहे. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून तो दाखवून दिला. त्यावर उपाय साधा आहे. सूत्रसंचालकाने उत्तर सांगण्यापूर्वी आपले उत्तर कागदावर लिहावे आणि त्यासाठी हातचे किती पैसे पणाला लावले असते, तेही लिहावे. महिनाभर असे केल्यास कोणता प्रश्न सोपा आणि कोणता अवघड, याविषयीची मते बरीच बदललेली आढळतील.

थोडक्यात, प्रश्नाचा अवघडपणा शब्दांत थोडा, पर्यायांत थोडा, उत्तर देणाऱ्याच्या पूर्वायुष्यात बराच आणि पणाला लागलेल्या रकमेत उरलेला असतो. उत्तर निर्विवाद असणे, ते विचाराने शोधण्याची वाट खुली असणे आणि एकाच वर्गाच्या किंवा प्रदेशाच्या लोकांना झुकते माप न मिळणे, या तीन अटी पाळणारा प्रश्न कितीही अवघड असला तरी न्याय्य ठरतो.