शब्दांचे वेळापत्रक

दूरशिक्षणाचा इतिहास बहुधा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो: आधी टपाल, मग रेडिओ, दूरदर्शन, संगणक आणि शेवटी मोबाइल. परकी भाषा शिकण्याच्या बाबतीत मात्र या क्रमातून मुख्य गोष्ट निसटते. घरबसल्या शिकणाऱ्याला शब्दांचा तुटवडा फारसा कधी नव्हताच. १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीत पत्र जाऊ लागले आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने तपासून द्यायला सुरुवात केली. १८५६ मध्ये बर्लिनमध्ये गुस्ताफ लांगेनशाइट आणि शार्ल तुसाँ यांनी फ्रेंच शिकवणारी पत्रमालिका काढली. शिकण्याचे साहित्य तेव्हापासून दारात येत आले आहे. अडचण होती ती दोन पाकिटांच्या मधल्या दिवसांची. त्या दिवसांत विद्यार्थी एकटा असे, आणि व्याकरणाचा नियम एकदा समजला की बऱ्यापैकी टिकतो, पण पाठ केलेला शब्द याच काळात गळून जातो. म्हणून माझे म्हणणे असे की मोबाइलने इंग्रजी शब्दसंग्रहाच्या शिक्षणात खरी भर घातली ती उजळणीच्या वेळेची. कोणता शब्द पुन्हा कधी समोर यावा, हे ठरवण्याची सोय दुरून शिकवणाऱ्याला त्यामुळे पहिल्यांदा मिळाली.

ही वेळ महत्त्वाची का, याचे उत्तर मोबाइलच्या कितीतरी आधी सापडले होते. हेरमान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. विसरणे सुरुवातीला फार झपाट्याने होते, नंतर मंदावते. यातून निघणारे अनुमान पॉल पिम्सलर यांनी १९६७ मध्ये भाषाशिक्षणासाठी नेमक्या अंतरांत मांडले: नवा शब्द पाच सेकंदांनी, मग पंचवीस सेकंदांनी, दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासाने, पाच तासांनी, दिवसाने आणि पुढे वाढत्या अंतराने पुन्हा विचारावा. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी हेच तत्त्व कप्प्यांच्या पेटीत आणि कागदी पत्त्यांत उतरवले. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात जाई, अडलेला पहिल्या कप्प्यात परत येई. ज्ञान पूर्ण होते, पण ती पेटी रोज उघडण्याची शिस्त विद्यार्थ्यालाच आणावी लागे. टपालखाते पाच तासांनी पाकीट पोचवू शकत नव्हते, आणि रेडिओचा धडा प्रत्येकाच्या विसरण्याच्या वेळी लागत नव्हता.

जपानमध्ये ही कोंडी फुटली. तिथे १९९९ मध्ये आय-मोड सेवा सुरू झाल्यावर फोनवरचा ई-मेल तरुणांच्या रोजच्या व्यवहारात आला. नागोया परिसरातील किंजो गाकुइन विद्यापीठाशी संबंधित पॅट्रिशिया थॉर्नटन आणि ख्रिस हाउझर यांनी २००५ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. त्यांनी पाहणी केलेल्या ३३३ विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाकडे मोबाइल होता. मग ४४ विद्यार्थ्यांना शंभर-शंभर शब्दांचे इंग्रजी धडे ठरावीक अंतराने फोनवर धाडले गेले. तुलनेसाठी तोच मजकूर कागदावर किंवा संकेतस्थळावर देऊन नियमित अभ्यासाचा आग्रह धरण्यात आला. फोनवर धडे मिळालेले विद्यार्थी अधिक शिकले. मजकूर तोच होता आणि आग्रहही होता. फरक एवढाच की एका बाजूला धडा स्वतःहून येत होता आणि दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्याने धड्याकडे जायचे होते. माझ्या मुद्द्याला याहून स्वच्छ पुरावा क्वचित मिळेल.

प्रयोग लहान होता आणि फोनवर धडे मिळणे त्या काळी नवलाईचे होते, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. त्याला बळ देणारे कामही जपानमधलेच. टोकियोच्या वासेदा विद्यापीठातील ग्लेन स्टॉकवेल यांनी शब्दांचा एकच सराव संगणकावर आणि मोबाइलवर उपलब्ध ठेवला, तेव्हा अनेकांनी मोबाइल वापरलाच नाही. ज्यांनी वापरला त्यांना तोच सराव पुरा करायला अधिक वेळ लागला आणि गुणांत मोठा फरक पडला नाही. पण हा निष्कर्ष किंजोच्या निष्कर्षाला खोडत नाही, उलट त्याचा अर्थ नीट लावायला मदत करतो. स्टॉकवेल यांच्या विद्यार्थ्यांपुढे साधनाची निवड होती, सराव कधी करायचा हे त्यांच्याच मर्जीवर होते. छोट्या पडद्यात आणि आखूड कळफलकात शिकवण्याचे काही सामर्थ्य नसते. धडा येण्याची वेळ काढून घेतली की मोबाइल हा एक गैरसोयीचा संगणक उरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सुटे शब्द म्हणजे भाषा नव्हे. खरेच नव्हे. तरीही शब्दांची पहिली शिदोरी नसेल तर वाचन सुरूच होत नाही, हे मायकल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात ढाक्यात शिकवताना ओळखले होते. बंगालमधील मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून त्यांनी मर्यादित शब्दांची वाचनमाला रचली, आणि १९५३ च्या त्यांच्या प्रसिद्ध यादीत सुमारे दोन हजार नेहमीचे शब्द निवडले. त्याच भूमीत, आताच्या बांगलादेशात, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बीबीसी जानाला’ ही फोनवरून इंग्रजी शिकवणारी सेवा सुरू झाली. ३००० हा क्रमांक फिरवला की तीन मिनिटांचा ध्वनिधडा ऐकू येई, आणि शब्द वाक्यात, संवादात कानी पडत. आवाजाची निवड फार शहाणपणाची होती, कारण लिखित संदेशाची मापे रोमन लिपीच्या सोयीची आहेत: इंग्रजीत १६० अक्षरे मावतात, तर युनिकोडमधील बांगला किंवा देवनागरीत ७०. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ आणि एक उदाहरण देता देता संदेश संपतो. महाराष्ट्रात २००९ च्या सुमारास आलेल्या ‘नोकिया लाइफ टूल्स’मध्ये बाजारभाव आणि हवामानाबरोबर इंग्रजीचे धडेही होते, संदेशावर उभ्या असलेल्या अशा प्रत्येक सेवेला या चिंचोळ्या जागेशी झगडावे लागे. शब्द संदर्भाशिवाय शिकवले गेले, याचा दोष पुष्कळदा या मापाकडे जातो.

जानालाच्या पद्धतीत एक उणीव मला दिसते. तिथे धडा ऐकायला फोन करावा लागे, म्हणजे वेळ पुन्हा शिकणाऱ्याकडेच गेली. बांगलादेशातील मोबाइल कंपन्यांनी या धड्यांचे दर बरेच उतरवले, म्हणून गरिबांनाही ते परवडले. मात्र उजळणीचे अंतर राखणारे कुणी नव्हते. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांच्या खिशात आहे, तिथल्या मुलीने काय करावे, हा आक्षेप तर धडा धाडणाऱ्या आणि फोन करायला लावणाऱ्या दोन्ही पद्धतींना लागू पडतो. जानाला ब्रिटिश निधीवर चाललेल्या ‘इंग्लिश इन ॲक्शन’ या उपक्रमाचा भाग होते, आणि त्याच उपक्रमाच्या दुसऱ्या शाखेत या आक्षेपाचे उत्तर मिळते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या सहभागाने तिथे फोन शिक्षकाच्या हाती दिला गेला. साध्या नोकिया फोनच्या मेमरी कार्डात शिक्षकासाठी अध्यापनाच्या चित्रफिती आणि वर्गासाठी ध्वनिफिती होत्या, सोबत चार्ज होणारा स्पीकर. शिक्षक आपल्या शाळेत राहून दुरून शिकत होता, आणि नव्या शब्दांचा उच्चार साऱ्या वर्गाला एकदम ऐकू जात होता. इथे मुलीला स्वतःचा फोन लागत नसे, आणि कालचा शब्द आज पुन्हा कधी विचारायचा हे ठरवायला शिक्षक समोर हजर असे.