नोकरी, आवड आणि बाबासाहेबांचा हिशोब

'आवडेल तेच काम करा, पैसा आपोआप येईल' हा उपदेश हल्ली तरुणांना फुकट मिळतो. देणाऱ्याच्या पाठीशी बहुधा वडिलांचं घर, शेत किंवा दुकान असतं. ज्याच्या पगारावर गावाकडची चूल पेटते त्याने काय करायचं? आणि पगार मिळाला की तत्त्वं गुंडाळून ठेवायची का? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर बाबासाहेबांच्या १९१७ ते १९२७ या दहा वर्षांत आहे.

मुळात आवडीचं काम निवडणं हेच जातिव्यवस्थेविरुद्धचं बंड आहे. 'जातिनिर्मूलन' (१९३६) या ग्रंथात बाबासाहेब सांगतात की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. ती माणसाची आवड आणि कुवत पाहत नाही, जन्म पाहते. आवड विचारात घेतली जावी, ही मागणीच आपली आहे.

बाबासाहेबांची आवड होती अभ्यास. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत गेले. तिथे राहायला जागासुद्धा मिळाली नाही. ती नोकरी सुटली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ही नोकरी सरकारी होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघालं, त्यामागचा विचार आणि लेखणी बाबासाहेबांची, पण संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. सरकारी नोकराला उघडपणे पत्र चालवता येत नव्हतं.

पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी वकिली धरली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटले कोण देणार? कमाई अपुरी, म्हणून १९२५ पासून एका खाजगी संस्थेत अर्धवेळ शिकवणंही केलं. पण आता तोंड कुणाच्या ताब्यात नव्हतं. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघालं. त्यावर संपादक म्हणून नाव होतं भीमराव रामजी आंबेडकर.

एका पत्रावर दुसऱ्याचं नाव, दुसऱ्यावर स्वतःचं. मधल्या सात वर्षांत बाबासाहेबांनी हेच कमावलं. त्याची किंमत रमाईनेही मोजली, हे विसरून चालणार नाही.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी पुढेही सरकारी नोकरी केलीच की! केली. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात धर्मांतराची घोषणाही केली. खुर्चीने त्यांना गप्प केलं नाही. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल अडलं, तेव्हा त्यांनी मंत्रिपदही सोडलं.

म्हणून मित्रांनो, नोकरी करण्यात लाज नाही. बाबासाहेबांनी नोकरी केली ती पुढच्या अभ्यासाची तजवीज म्हणून. तुमची नोकरी कशाची तजवीज आहे? घरातला फोटो बाहेरच्या खोलीतून आत नेऊन, आडनाव बदलून पगार टिकत असेल, तर तो हिशोब पुन्हा मांडावा लागेल. आज राजीनामा द्या असं कुणी म्हणत नाही. पण दर महिन्याच्या पगारातून स्वतःच्या अभ्यासासाठी, आवडीच्या कामासाठी आणि समाजासाठी काय बाजूला पडतं, ते तरी लिहून काढा.

जय भीम!